साळवे बाईंचा रक्तदाब

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
८ जुलै २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

तुला फोन केला की तू "कोण? गॅसवाला का?" असं विचारून ठेवून देतेस, म्हणून शेवटी कागद पुढ्यात ओढला. फोन जवळ नेला की तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, हे मला ठाऊक आहे. पण आत्या, गॅसवाला कधी जय भीम म्हणून बोलायला सुरुवात करील का?

बातमी अशी की मला नोकरी लागली. प्रकल्पाचं नाव 'हृदयसाथी'. तिघांची भागीदारी आहे. जिल्ह्याचा आरोग्य विभाग उपकेंद्रं आणि माणसं देणार, इथला स्पंदन न्यासाचा दवाखाना डॉक्टर देणार, आणि नेदरलँड्समधलं एक विद्यापीठ यंत्रं आणि शहाणपण देणार. काम म्हटलं तर साधं. गंगापूर तालुक्यातल्या गावांमधून तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायची, लागेल त्याला गावातच गोळ्या द्यायच्या, आणि तो त्या खरंच खातो का ते बघत राहायचं. आपल्याकडं माणूस छातीत दुखायला लागलं की 'गॅस झालाय' म्हणून सोडा पितो आणि मग जीप शोधायला निघतो. आम्हाला त्याच्या कितीतरी आधी त्याच्या दारात पोचायचंय.

मी समन्वयक आहे. म्हणजे त्या तिघांचं एकमेकांशी पटलं नाही की तिघंही माझ्यावर ओरडतात.

पहिलं शिबिर हौसेनं आपल्या निंबवाडीत घेतलं. नेमकी तू त्या दिवशी चितेगावला गेलेली. स्पंदनच्या सोनिया सिस्टर आणि मी दुपारभर समाजमंदिरात बसून होतो. आले ते बोटांवर मोजावेत इतकेच. त्यातल्या एकाला चष्म्याचा नंबर काढायचा होता आणि एकाला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं.

निम्मं गाव तुझ्या हाताखालून शिकलंय. काहीतरी कर. आणि पुढच्या वेळी रक्तदाबाचा पट्टा आधी तुझ्या दंडाला, हे लक्षात ठेव.

तुझा,
भूषण


निंबवाडी, ता. गंगापूर
१५ जुलै २०२४

चि. भूषण,

मंगल कामना. नोकरीची बातमी वाचून फार आनंद झाला. तुझे बाबा असते तर त्यांनी पेढे वाटले असते. मी गुळाचा खडा वाटला, कारण शेजारच्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, हृदयाच्या नोकरीला पेढे बरे दिसत नाहीत.

अक्षर मात्र होतं तिथंच आहे. तुझा 'क' अजून शेपूट तुटलेल्या मांजरासारखा दिसतो.

आता शिबिराचं. तू जीपवर भोंगा लावून 'हृदयरोग तपासणी' असं गावभर ओरडत फिरलास. त्यावर लक्ष्मीबाईंचं म्हणणं ऐक. "बाई, ज्याला रोग नाय त्यानं कशाला जायाचं? अन् ज्याला हाय त्यानं तर लांबच राहावं. तिथंच धरून ठिवलं तर?" सगळ्या गल्लीला हे पटलं. शिवाय ते खुरपणीचे दिवस होते. दुपारी गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्याच असतात.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सकाळी ये. शाळेत बसू. भोंगा लागणार नाही, मी घंटा देते. कोण येत नाही ते बघते.

माझ्या दंडाचं नंतर बघू. आधी ज्यांना गरज आहे त्यांचं.

तुझी,
आत्या


पडेगाव
२ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

जय भीम.

तू घंटा दिलीस आणि अख्खं गाव रांगेत उभं राहिलं, याबद्दल तुझे आभार. आता जे झालं ते शांतपणे ऐक.

निंबवाडीत जवळजवळ प्रत्येकाचा रक्तदाब वाढलेला निघाला. तिशीतल्या तरण्याताठ्या बायकांचासुद्धा. सोनियानं यंत्र बदललं, पट्टा बदलला, शेवटी स्वतःचा दाब मोजून बघितला, तो बरोबर. मग तिच्या ध्यानात आलं. माणूस खुर्चीवर बसायचा, पट्टा दंडाला लागायचा, आणि नेमकं तेव्हाच त्याचं लक्ष दाराकडं जायचं. दारात छत्री घेऊन तू उभी! फकिरा पन्नाशीचा गडी, दोन सुना आहेत घरात. तुला बघून त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाय जुळवून बसला. त्याचा आकडा बघून सोनिया त्याला थेट शहरात घेऊन जायला निघाली होती.

आकडे नेदरलँड्सला गेले. तिथल्या विद्यापीठाकडून हे काम बघणाऱ्या बाईंचं नाव यान्नेके. आपल्या आशाताई त्यांना जानकीबाई म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांनी संगणकाच्या पडद्यावरून काळजीनं विचारलं, "या गावात असं वेगळं काय आहे?" मी म्हटलं, "माझी आत्या." त्यांनी ते लिहून घेतलं.

परत मोजणी करावी लागेल, आणि तू आसपास नसशील तेव्हा. रागावू नकोस. पण एक विचारतो. मी तुला शोधत होतो तेव्हा तू 'शाळेला कुलूप लावून येते' म्हणून गेलीस ती आलीच नाहीस. दंड तेवढा राहिला.

तुझा,
भूषण


निंबवाडी
२० ऑगस्ट २०२४

चि. भूषण,

मंगल कामना.

रागावले नाही. दोन दिवस बोलले नाही कुणाशी, इतकंच. इतकी वर्षं शिकवल्यावर लोकांना माझी आठवण पाढ्यांसाठी यावी असं वाटलं होतं, रक्तदाबासाठी नाही.

मग मी आणि सोनियानं तोड काढली. आता दर मंगळवारी माझ्या ओट्यावर बसतात. सोनिया बाहेर मोजते, मी आत स्वयंपाकघरात बसते, दार लोटून. आकडे उतरले म्हणे. ज्यांचे उतरले नाहीत त्यांना खरंच औषध लागतं, हेही कळलं. त्यात लक्ष्मीबाई निघाल्या. पहिल्या दिवशी रडल्या. दुसऱ्या मंगळवारी गोळ्यांची डबी कमरेला खोचून आल्या. आता इतर बायकांना दारोदार विचारत फिरतात, "घेतली का गं गोळी? दाखव तोंड." त्यांनी घरातलं मीठही कमी केलंय. नवरा म्हणतो, "ह्यापेक्षा दवाखान्यातलं जेवण बरं व्हतं."

तुझ्या जानकीबाईंना सांग, तुमची यंत्रं चांगली आहेत, पण ओटा लागतो.

मी ठणठणीत आहे.

तुझी,
आत्या


पडेगाव
२८ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

जय भीम. घाईत लिहितोय.

आमच्या पडेगावात तापाची साथ आलीय. डेंग्यू. आमच्या गल्लीत असं घर नाही जिथं कुणी अंथरुणाला नाही. आरोग्य अधिकाऱ्यांनी आमची सगळी टोळी उचलून ताप शोधायच्या कामाला लावली. मी आणि सोनिया घरोघर जाऊन कूलर, टाक्या, कुंड्या, टायर उपडे करतो.

इकडं भागीदारांमधे जुंपली. जानकीबाई म्हणतात, "आपला प्रकल्प हृदयाचा आहे, डासांचा नाही. मधेच सोडलं तर गोळ्या सुटतील." आरोग्य अधिकारी म्हणतात, "बाई, माणसं तीच आहेत. हृदय सांभाळायला माणूस आधी तापातून वाचला पाहिजे ना?" न्यासाचे डॉक्टर म्हणतात, दोघांचंही बरोबर आहे, आणि माझ्याकडं बघतात. सगळ्यांत वाईट म्हणजे दोघांचं खरंच बरोबर आहे.

मला एक सुचलंय. लक्ष्मीबाई आणि तुझ्या मंगळवारच्या बायका गोळ्यांसाठी घरोघर जातातच. जाताजाता पाण्याची भांडीही बघतील का? आणि कुणाला ताप असेल तर उपकेंद्रात कळवतील का? म्हणजे गोळ्याही सुटणार नाहीत आणि तापही कळेल. मी अजून कुणाला हे बोललो नाही. आधी तुला विचारतोय.

तुझा,
भूषण


निंबवाडी
६ सप्टेंबर २०२४

चि. भूषण,

मंगल कामना. सुरू केलं. बायकांनी विचारलंसुद्धा नाही की हे हृदयात कसं बसतं. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "घरात शिरलोच हाय तर रांजणात डोकावायला काय जातंय?"

एकच घर अडलं. सर्जेरावांचं. ऊस, कापूस, दोन विहिरी, गावात मोठा मान. अंगणात पाण्याचा हौद आहे. म्हणाले, "आमच्या हौदात डास नसतो. आमचं पाणी बोअरचं हाय." लक्ष्मीबाईंनी काही वाद घातला नाही. काचेच्या ग्लासात हौदातलं पाणी घेतलं आणि उन्हात त्यांच्यासमोर धरलं. आत अळ्या वळवळत होत्या. सर्जेरावांनी ग्लास हातात घेऊन फिरवून बघितला. मग गड्याला हाक न मारता स्वतःच धोतर खोचून हौदात उतरले.

तीन घरांत ताप सापडला. तिघांनाही वेळेत उपकेंद्रात नेलं. ठीक आहेत.

बाकी माझं बरं आहे. हल्ली उपकेंद्राच्या चढावर मधे थांबते जरा. तिथून गोदावरीकडची उसाची शेतं सुरेख दिसतात. नोकरीत असताना घाईत कधी बघितलीच नव्हती.

तू डास चावू देऊ नकोस. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत जा.

तुझी,
आत्या


छत्रपती संभाजीनगर
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

जय भीम. मी मजेत आहे. काम खूप असल्यामुळे थोडक्यात लिहीत आहे. जेवण वेळेवर होत आहे. आराम मिळत आहे. तुम्ही माझी काळजी करू नका.

आपला,
भूषण


निंबवाडी
१९ सप्टेंबर २०२४

चि. सोनियास,

आशीर्वाद. काल आलेलं पत्र तू लिहिलंस. मंगळवारच्या वहीतलं तुझं अक्षर मी ओळखते. सुंदर आहे, वाचून समाधान झालं. पण माझा भाचा मला कधी 'तुम्ही' म्हणाला नाही. तो कधी वेळेवर जेवला नाही. आणि 'आराम मिळत आहे' हे वाक्य त्यानं जन्मात लिहिलं नसतं. पत्त्यात पडेगाव नाही, म्हणजे तो ताप येऊन तुमच्या दवाखान्यात पडलाय, आणि त्यानं तुला खोटं लिहायला लावलंय. तुझा दोष नाही, तो लहानपणापासून असाच आहे.

उद्या सकाळच्या एस.टी.नं निघते. हे पत्र टपालात टाकलं तर माझ्या मागून पोचेल, हे मला कळतं. म्हणून हातातच देणार आहे. तोंडानं रागावले तर आवाज चढतो, आणि दवाखान्यात मोठ्यानं बोलू नये.

रत्नमाला साळवे


स्पंदन दवाखाना
तळमजला, ताप वॉर्ड
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

जय भीम. हे पत्र फार लांब जायचं नाही. दोन जिने चढून सोनिया तुला आणून देईल.

तू मला रागवायला आलीस, कुणालाही न विचारता चुकीच्या जिन्यानं वर गेलीस, आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलीस ती उठलीच नाहीस. सोनियानं पाणी आणलं तर तुझा पदर घामानं भिजलेला. तिनं तिथल्या तिथं ईसीजी काढला आणि तुला आत घेतलं. आता मी खाली मच्छरदाणीत, तू वर वायरींमधे. प्लेटलेट वाढेपर्यंत मला उठायला बंदी, आणि तुला तर कूस बदलायलाही विचारावं लागतं म्हणे.

आत्या, तू डॉक्टरांना खरं सांगितलंस ते सोनियानं मला सांगितलं. गंगापूरच्या डॉक्टरांनी मार्चमधेच तुझा दाब वाढलाय म्हणून गोळ्या दिल्या होत्या, आणि तू त्या बरं वाटतंय म्हणून सोडून दिल्यास.

मी तालुकाभर लोकांना विचारत फिरतो, "चढताना धाप लागते का? मधे थांबावं लागतं का?" आणि तुझं ते उसाच्या शेतांचं पत्र मी इथं पडल्यापडल्या वाचलं आणि सोनियाला म्हणालो, आत्या आता निवांत झाली बघ. मला माझाच राग येतोय.

डॉक्टर म्हणतात, हृदयाची एक नस बरीच बंद झालीय. मनगटातून बारीक नळी घालून ती उघडता येते. लवकर करायला हवं. आणि तू 'नको, मला घरी सोडा' म्हणालीस. का?

तुझा,
भूषण


दुसरा मजला, खाट खिडकीजवळची
२१ सप्टेंबर, दुपार

चि. भूषण,

आधी तू पडून राहा. पपईच्या पानांचा रस पिऊ नकोस, कुणी आणला तरी. त्यानं प्लेटलेट वाढत नाहीत, असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नको म्हणाले, कारण नको. वय झालंय. मंगळवारच्या बायका वाट बघत असतील. सोयाबीन काढणीला आलंय, त्या दिवसांत गोळ्या विसरतात. इथल्या उशा फार उंच आहेत. ही कारणं तुला पुरेशी वाटत नसतील तर आणखीही देते.

गोळ्या सोडल्या, कारण त्या घेतल्या की मी आजारी आहे हे रोज सकाळी पहिल्यांदा आठवायचं. सोडल्यावर ते आठवत नव्हतं.

पेन्सिल बोथट झाली. उद्या लिहिते.

आत्या


दुसरा मजला
२२ सप्टेंबर, सकाळ

भूषण,

काल लिहिलेली कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण त्यांत नव्हतं. ते तुला सांगते. सोनियाला वाचून दाखवायला लावू नकोस, स्वतः वाच.

मला वाटलं होतं, असलं सगळं झोपवून करतात. पण हे जागेपणी करतात. मधेमधे "श्वास धरा, सोडा, हलू नका" असं सांगत असतात म्हणे. आणि आत नेण्याआधी कानातलं यंत्र काढून ठेवतात. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. ओठ वाचून समजायचीही सोय नाही. म्हणजे माझ्या डोक्यावर माणसं बोलत राहणार, आणि काही बिघडलं तर खोलीतल्या सगळ्यांना कळेल, मला सोडून.

मी मरणाला फार भीत नाही. पण माझंच काहीतरी चाललेलं असताना मला कळणार नाही, याची भीती वाटते. काल लिहिणं मधेच थांबवलं ते त्यामुळं. पेन्सिल चांगली होती.

हे कुणापाशी बोलले नाही. बोलले असते तरी उत्तर ऐकू आलं असतं की नाही, कोण जाणे.

आत्या


तळमजला
२२ सप्टेंबर, दुपार

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचलं. स्वतः वाचलं.

तू भीत नाहीस असं मला आजवर वाटत होतं, म्हणून मला तुझ्याशी कसं बोलायचं ते कळायचं नाही. आता कळतंय. मलाही रात्री ताप चढला की भीती वाटते. मी तुला कळवलं नाही ते त्यामुळंच.

मी डॉक्टरांना खाली बोलावून घेतलं. ते म्हणाले, यंत्र आत नेता येत नाही, तो नियम आहे. पण मग त्यांनी स्वतःच जाड पुठ्ठे मागवले आणि सोनियानं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. 'श्वास धरा.' 'सोडा.' 'थोडं गरम वाटेल.' 'सगळं नीट चाललंय.' 'झालं.' सोनिया तुझ्या डोळ्यांसमोर उभी राहून एकेक दाखवणार. दुसरं काहीही करणार नाही, तेवढंच तिचं काम.

मी एक पुठ्ठा जास्तीचा करायला लावला. त्यावर लिहिलंय, 'थोडं अडलंय, थांबा.' डॉक्टर म्हणाले, "हा कशाला? उगाच घाबरतील." मी म्हटलं, "हा नसेल तर ती बाकीच्यांवर विश्वास ठेवणार नाही." त्यांनी मान डोलावली. 'नीट चाललंय' हा पुठ्ठा खोटा दाखवायचा नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

करायचं की नाही ते तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

तुझा,
भूषण


दुसरा मजला
२४ सप्टेंबर २०२४

चि. भूषण,

मंगल कामना. झालं. डाव्या हातानं लिहितेय, उजव्या मनगटाला पट्टी आहे. माझं अक्षर आज तुझ्यासारखं आलंय, त्याची लाज वाटते.

आत थंडी फार. वर मोठा पांढरा दिवा. यंत्र काढल्यावर सगळं एकदम शांत झालं, विहिरीत उतरल्यासारखं. पण सोनिया समोर उभी होती. हिरव्या टोपीत ती ओळखूही येत नव्हती, डोळ्यांवरून ओळखलं. श्वास धरा आला, धरला. सोडा आला, सोडला. नीट चाललंय आला.

मग तो दुसरा आला. 'थोडं अडलंय, थांबा.'

तो वाचला आणि, तुला आश्चर्य वाटेल, मला बरं वाटलं. म्हणजे मला सांगतायत. मी थांबले. छतावरचे चौकोन मोजत पडले. किती वेळ गेला ठाऊक नाही. सोनियानं पुठ्ठा खाली घेतला नाही. मग तिनं तो मागं टाकला आणि नीट चाललंयचा वर केला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा कळलं की बरंच अडलं होतं.

डॉक्टर नंतर आले, यंत्र कानात घातल्यावर. म्हणाले, "बाई, नळी वळणावर अडकली होती. मला घाम फुटला आणि तुम्ही पाटी वाचून निवांत." मी म्हटलं, "तुम्ही खरं सांगितलंत ना."

तुझ्या प्लेटलेट वाढल्या असं सोनिया म्हणाली. आता सोड ती मच्छरदाणी आणि वर ये. पण लिफ्टनं.

आत्या


पडेगाव
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

जय भीम. तू रोज गोळ्या घेतेस असं लक्ष्मीबाईंनी कळवलंय. तोंड उघडून दाखवावं लागतं म्हणे. चांगलं आहे.

इथली हकिकत. परवा भागीदारांची मोठी बैठक झाली. जानकीबाई स्वतः आल्या होत्या. आमचं जोरात वाजणार अशी माझी तयारी होती, कारण हृदयाच्या बायकांना तापाचं काम मी कुणाला न विचारता लावलं होतं. आरोग्य अधिकाऱ्यांनी निंबवाडी आणि आसपासच्या गावांचं सांगितलं. त्या गावांत साथ आली, पण पसरली नाही. आणि साथीच्या दोन महिन्यांत कुणाच्या गोळ्याही सुटल्या नाहीत. जानकीबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं असं नाही. मला भीती होती ती खरी होती. पण दार एकच आहे हे मला दिसलं नव्हतं." आता तिघांनी मिळून ठरवलंय की यापुढं घरी जाणारी बाई एकच. ती गोळी विचारेल, रांजणात बघेल, ताप विचारेल. तालुकाभर.

जानकीबाईंनी निंबवाडीला येऊन तुला भेटायचं ठरवलंय. त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय, तुझ्यासमोर स्वतःचा दाब मोजू नका.

सोनियाही येणार आहे. ती मंगळवारी येतेच, पण या वेळी रविवारी येणार आहे आणि तिची आई बरोबर असणार आहे. कशासाठी ते तुला कळेलच. मी लिहीत नाही.

तुझा,
भूषण


निंबवाडी
२ डिसेंबर २०२४

चि. भूषण,

मंगल कामना. सोनियाची आई फार भली बाई. त्याबद्दल सविस्तर नंतर. आज वेगळ्या कामासाठी लिहितेय.

हे पत्र तुला सर्जेराव दवाखान्यात आणून देतील. हौदवाले.

या गावात मी चाळीस वर्षांपेक्षा जास्त राहतेय. या काळात सर्जेराव माझ्या ओट्याची पायरी कधी चढले नाहीत. त्यांची तिन्ही मुलं माझ्याकडं शिकली, पण बोलायचं ते रस्त्यात उभं राहून. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही, दोघांनाही कारण ठाऊक होतं.

परवा सकाळी मी गोळी घेऊन ओट्यावर बसले होते. ते रस्त्यानं आले, थांबले, इकडंतिकडं बघितलं, आणि पायरी चढून माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. मग हळूच म्हणाले. यंत्र होतं म्हणून ऐकू आलं.

"बाई, तुम्हाला आधी कसं कसं व्हत व्हतं?"

मी सगळं सांगितलं. चढावर थांबणं, घाम, डाव्या हाताला मुंग्या, आणि भीती. भीतीचंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं खरं वाटत नाही. ते जमिनीकडं बघत मान हलवत होते. म्हणाले, "मळ्यातनं येताना माझं तसंच व्हतंय. घरी कुणाला बोललो नाय." मी चहा ठेवला. त्यांनी घेतला. कप विसळायला उठले तेव्हा मी नको म्हटलं, तरी विसळला.

उपकेंद्रात चला म्हटलं तर "गावात कळंल" म्हणाले. शहरात दवाखान्यात जा म्हटलं तर "घरचे पुसतील, कशाला निघालाव?" मी बरीच डोकेफोड केली. शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाले, "बाई, तुम्ही भाच्याला एक पत्र द्या. मी नेतो. पत्र द्यायला चाललो, असं सांगंन. मास्तरीणबाईंचं हाय म्हटल्यावर कोण काय बोलतंय?"

तर हे ते पत्र. त्यांना यात काय लिहिलंय ते ठाऊक आहे. तुलाही आता ठाऊक झालं. पण त्यांच्यासमोर तसं दाखवू नकोस.

वाचून झालं की लगेच त्यांना ईसीजीला उठवू नकोस. आधी पाणी दे. मग म्हण, "काका, आत्याला उत्तर लिहून देतो, तोवर जरा आत बसता का? सोनिया सिस्टर आहेत तिथं." आणि उत्तर चांगलं सावकाश लिही.

तुझी,
आत्या